रिळाच्या दांडीभोवती दोरा गुंडाळू नये म्हणून: काय घ्यावं, काय नको

शिलाई मशीनवर रीळ ज्या दांडीवर बसतं तिच्याभोवती दोरा गुंडाळला जाऊ नये म्हणून शिलाईच्या सामानाच्या दुकानांत आणि ऑनलाइन मुख्यतः पाच गोष्टी मिळतात: नमद्याची (फेल्टची) चकती, रिळाची टोपी, नायलॉनची जाळी, उभी दांडी आडवी करणारा प्लास्टिकचा जोड आणि कोनचा, म्हणजे शंकूच्या आकाराच्या मोठ्या रिळाचा, स्टँड. यांचे एकत्र संचही विकले जातात. संच घेऊ नका. या वस्तू वेगवेगळ्या अडचणींवरच्या आहेत, आणि चुकीच्या रिळावर चुकीची वस्तू लावली तर गुंता कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

म्हणून खरेदीच्या आधी रीळ हातात घेऊन नीट बघा. काही रिळांवर दोरा समांतर वेढ्यांत, एकाला लागून एक असा भरलेला असतो. अशा रिळाला बहुधा दोन्ही टोकांना उंच कडा असतात. हा दोरा बाजूने सुटायचा असतो, म्हणजे रीळ उभ्या दांडीवर फिरलं पाहिजे. दुसऱ्या प्रकारात वेढे एकमेकांना छेदत जातात आणि वरून चौकटीची नक्षी दिसते. कोन या जातीचा, आणि रंगवार पेट्यांत मिळणाऱ्या बहुतेक बारीक ट्यूबही (नळीसारखी रिळं) याच जातीच्या. हा दोरा टोकावरून सुटायचा असतो. रीळ स्थिर राहिलं तरी चालतं, किंबहुना स्थिरच राहावं.

आपल्याकडच्या काळ्या पायमशीनला उभीच दांडी असते आणि तिच्यावर बसते ती बिनकडांची, छेदत्या वेढ्यांची ट्यूब. तिथेच दुखणं सुरू होतं. लिव्हर, म्हणजे मशीनच्या तोंडाशी वरखाली होणारा दोऱ्याचा दांडा, दर टाक्याला दोरा झटक्याने ओढतो, ट्यूब गरकन फिरते. पाय थांबला, मशीन थांबलं, तरी ट्यूब आणखी अर्धा वेढा पुढे जाते. सुटलेला सैल दोरा खालच्या टोकावरून घसरतो आणि ट्यूब व मशीन यांच्या फटीत दांडीच्या बुडाशी बसतो. पुन्हा पाय चालवला की तोच वेढा आवळला जातो. वरचा दोरा ताठ होतो, खालचा दोरा कापडावर ठिपक्यांसारखा दिसू लागतो, शिवणीला चुण्या पडतात. शेवटी दोरा तुटतो, नाहीतर सुई वाकून खालच्या पट्टीवर आपटते आणि मोडते. पायमशीनला मोटर जोडलेली असेल तर हे जास्त होतं, कारण मोटर एकदम वेग घेते.

या वेळी सगळ्यांचा हात पहिल्यांदा टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चक्रीकडे जातो. तिला हात लावू नका. आधी प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचला, म्हणजे टेन्शनच्या चकत्या मोकळ्या होतात. मग सुईजवळचा दोरा धरून सावकाश हातभर ओढा. तो एकसारखा, अगदी हलका यायला हवा. दर वेढ्याला एकदाच बारीक हिसका बसत असेल तर दोरा रिळाच्या कडेला किंवा कडेवरच्या खाचेत अडकतो आहे. थोडा मोकळा येऊन मग गच्च होत असेल तर दांडीच्या बुडाशी वेढा पडला आहे. फूट वर असताना दोरा मोकळा येतो पण शिवताना टाका बिघडतो, तेव्हाच टेन्शनकडे वळा.

आता एकेक वस्तू.

नमद्याची चकती सगळ्यात स्वस्त, आणि उभ्या दांडीसाठी सगळ्यात आधी घ्यावी अशी. ती रिळाखाली बसते आणि दोन कामं करते: फिरत्या रिळाला हलका अडसर करते, त्यामुळे ते पुढे धावत नाही, आणि खालची फट बुजवते, त्यामुळे सैल वेढ्याला बुडाशी शिरायला जागा उरत नाही. कामाची चकती दोन ते तीन मिलिमीटर जाड असते आणि रिळाच्या बुडापेक्षा थोडी मोठी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधलं भोक. ते दांडीवर दाबून बसलं पाहिजे. ढिलं असेल तर दोरा चकतीच्याही खाली जातो, आणि तो काढायला रीळ, चकती सगळं उतरवावं लागतं. हस्तकलेच्या दुकानात मिळणारा पातळ रंगीत फेल्ट पहिल्या काही दिवसांत दबून कागदासारखा होतो. तो वापरायचाच असेल तर दोन थर चिकटवा. स्पंज नको, त्याचा भुगा होतो आणि भुगा दोऱ्याबरोबर टेन्शनमध्ये जातो. रबरी वायसर तर मुळीच नको: रबर रिळाला धरूनच ठेवतं आणि बारीक दोरा हिसके देत येतो. चकतीवर तेलाचा थेंब पडला तर ती बदला, नाहीतर पांढऱ्या दोऱ्याला डाग लागतो.

मात्र एक मर्यादा आहे. बिनकडांची ट्यूब अगदी शेवटाला आली की ती इतकी हलकी होते की चकतीवरही उड्या मारते. अशा वेळी उरलेला दोरा बॉबीनवर भरून टाकणं बरं.

रिळाची टोपी बहुतेकांकडे आधीपासून असते, फक्त डब्यात पडून असते. आडव्या दांडीच्या मशीनबरोबर बहुधा दोन किंवा तीन मापांच्या टोप्या येतात, आणि दुकानातून मशीन घरी आणल्यावर मोठी टोपी एकदा लागते ती कायमचीच. टोपीचं माप रिळाच्या टोकापेक्षा किंचित मोठं हवं. लहान टोपी लावली तर रिळाची कड आणि तिच्यावरची दोरा अडकवायची खाच उघडी राहते, आणि सुटणारा दोरा नेमका त्या खाचेत जातो. खाच असलेलं रीळ घालताना खाचेचं टोक आत, म्हणजे दोरा ज्या बाजूने सुटतो तिच्या उलट बाजूला ठेवा. हे एवढंच केल्याने कितीतरी मशीनची 'दोरा तुटतो' ही तक्रार संपते.

टोपी किती दाबायची यावर मात्र रिळाची जात बघा. समांतर वेढ्यांच्या कडेच्या रिळाला टोपी टेकवून लावा. छेदत्या वेढ्यांच्या बारीक दोऱ्याला लहान टोपी लावून रीळ आणि टोपी यांच्यात एक-दोन मिलिमीटरची फट ठेवा. दाबून लावलेली टोपी दोऱ्याला टोकावरून सुटू देत नाही. फट फार मोठी झाली तर रीळ दांडीवर मागेपुढे सरकतं आणि दोरा टोपीच्या मागे जाऊन दांडीला गुंडाळला जातो. आडव्या दांडीवर गुंता होण्याचं हे एक नेहमीचं कारण. दोरा रिळाच्या वरून सोडायचा की खालून पुढे, हे मशीनच्या पुस्तिकेतल्या चित्रात असतं. ब्रदर कंपनीच्या मशीनच्या पुस्तिकांमध्ये रीळ आडवं ठेवून दोरा खालून पुढे आणायला सांगितलं आहे. उलट घातलं की दोरा पहिल्याच वळणावर स्वतःला घासतो.

सुट्या टोप्या विकत घ्यायच्या तर दांडीची जाडी मोजून घ्या. 'सगळ्या मशीनला चालते' असं लिहिलेली टोपी दांडीवर ढिली बसली तर शिवताना थरथरत बाहेर येते, आणि मागोमाग रीळ.

नायलॉनची जाळी ही गुणी वस्तू आहे, पण ती नको तिथे फार वापरली जाते. घरगुती शिवणकामात सर्रास लागणारा १२० टिकिटचा (टिकिट म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा नंबर) स्पन पॉलिएस्टर दोरा आखूड तंतूंपासून कातलेला असतो. उजेडात धरला तर त्यावर बारीक लव दिसते. ती लव वेढ्यांना एकमेकांवर धरून ठेवते, म्हणून त्याला जाळीची गरज नाही. जाळी चढवली तर उगीच ताण वाढतो. जाळी लागते ती गुळगुळीत, निसटत्या दोऱ्यांना: भरतकामाचा रेयॉन, चमकीचा पॉलिएस्टर, पारदर्शक नायलॉन, काही धातूचे दोरे. हे दोरे रिळावर आपल्या वजनानेच खाली ओघळतात आणि दांडीच्या बुडाशी गोळा होतात.

जाळी चढवायची ती खालून वर, दोऱ्याचं टोक वरून मोकळं ठेवून. लांब असेल तर दुमडून रिळाच्या उंचीएवढी करा. जास्तीची जाळी तोंडापाशी चुरगळली की दोरा तिच्यातच अडकतो. जाळीची लांब नळी आणून हवी तशी कापता येते, पण कापलेलं टोक तसंच ठेवू नका. त्याचे सुटे तंतू दोऱ्याबरोबर आत ओढले जातात. टोक ज्योतीजवळ, ज्योतीत नव्हे, क्षणभर धरलं की नायलॉन वितळून कड बांधली जाते. त्यावरून बोट फिरवून खडबडीत गाठ राहिली नाही ना, ते बघा. जाळी लावल्यावर टाक्याचा ताण थोडा वाढतो, तेव्हा चिंधीवर शिवून टेन्शन एखाद्या अंकाने कमी करावं लागू शकतं. इथे मात्र टेन्शनला हात लावणं योग्य.

पैठणीच्या काठाला किंवा ब्लाउजवर चपटी जरी मशीनने लावणाऱ्यांनी जाळीच्याही आधी रीळ कसं बसवलं आहे ते बघावं. चपटी जरी टोकावरून सोडली की दर वेढ्यामागे तिला एक पीळ पडतो. सुईच्या नेढ्यापाशी तो गोळा होतो आणि जरी तुटते. तिला उभी दांडी आणि खाली नमदा हीच जागा. आडव्या दांडीच्या बऱ्याच मशीनबरोबर जादा उभी दांडी दिलेली असते, ती यासाठी वापरा.

उभी दांडी आडवी करणाऱ्या जोडाबद्दल चांगलं फारसं सांगता येत नाही. कल्पना बरोबर आहे, कारण छेदत्या वेढ्यांच्या ट्यूबला खरोखर आडवी दांडी हवी. पण तो सगळा प्लास्टिकचा, आणि एकाच बारीक दांडीवर लोंबकळतो. पायमशीनच्या हादऱ्याने तो हळूहळू फिरतो. फिरला की दोऱ्याची दिशा बदलते आणि दोरा जोडाच्याच कोपऱ्याला घासू लागतो. हलक्या विजेच्या मशीनवर, लहान ट्यूब लावून, सावकाश शिवणाऱ्याला चालेल. त्याच पैशात थोडी भर घालून स्टँड येतो.

स्टँड ही यांतली सगळ्यात उपयोगी वस्तू. जो आठवड्यातून दोन-तीनदा तरी शिवतो त्याने तीच घ्यावी. जड बूड, मधोमध कोन बसवायची खुंटी, आणि बाजूने वर जाणारा दांडा, ज्याच्या टोकाला दोरा ओवायचा डोळा. दोरा कोनाच्या टोकावरून सरळ वर जातो, कोन जागचा हलत नाही, त्यामुळे पुढे धावण्याचा प्रश्नच मिटतो.

पण स्टँड नीट जुळवला नाही तर फायदा निम्मा होतो. डोळा कोनाच्या मध्यावर, अगदी ओळंब्यात हवा. बाजूला असला तर दोरा एका बाजूच्या वेढ्यांना घासत वर जातो आणि हिसके देतो. उंचीचा कारखान्यांतला अंदाज असा की डोळा कोनाच्या उंचीच्या साधारण अडीचपट वर असावा. कोन १२ सेंटीमीटर उंच असेल तर बुडापासून डोळ्यापर्यंत ३० सेंटीमीटर. बाजारातल्या बऱ्याच बुटक्या स्टँडचा दांडा इतका जातच नाही, म्हणून विकत घेताना पट्टी लावून मोजा. डोळा फार जवळ असला की सुटणारा वेढा कोनाच्या खांद्याला चिकटून येतो आणि ताण कमी-जास्त होत राहतो.

प्लास्टिकचा स्टँड बारीक ट्यूबला पुरतो. भरल्या कोनासाठी लोखंडी बूडच घ्या. दुकानातच कोन ठेवून डोळ्याला बोटाने टिचकी मारा. स्टँड डुलला तर तो नको. कोनाखाली स्पंजची किंवा नमद्याची गादी हवी, म्हणजे बुडाकडून घसरलेला दोरा आत शिरत नाही. (इथे स्पंज चालतो, कारण कोन फिरत नाही.) कोन खुंटीवर डुगडुगत असेल तर आत शंकूच्या आकाराचा जोड घाला, बऱ्याचदा तो बरोबर मिळतो. शेवटची तपासणी डोळ्याची: त्यातून कापसाचा बोळा फिरवा. कापसाचे तंतू अडकले तर आत धातूची कड राहिली आहे आणि ती दोऱ्याला फाडणार. झिरो नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळी करून आतून फिरवला की ती जाते.

स्टँड मशीनच्या मागे, जरा उजवीकडे ठेवा, चाकाच्या फेऱ्यात येणार नाही असा. काळ्या पायमशीनवर दोरा स्टँडवरून थेट पहिल्या वळणाला नेला तर तो रिकाम्या दांडीलाच गुंडाळण्याची भीती असते. त्यासाठी एक सेफ्टी पिन घ्या, बंद करून तिचं गोल वळण वर येईल अशी दांडीच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीने बांधा आणि दोरा त्या वळणातून ओवून पुढे न्या. एवढ्याने दोऱ्याची वाट पक्की होते.

स्टँडवर कडेचं, समांतर वेढ्यांचं रीळ ठेवू नका. त्याचा दोरा वर ओढला की कडेला घासतो आणि पीळ घेतो. ते रीळ नमद्यासह उभ्या दांडीवरच राहू द्या.

ओव्हरलॉकला (कापडाच्या कडा बांधणाऱ्या मशीनला) स्टँड मशीनबरोबरच येतो, पण त्याचा सरकता दांडा पूर्ण वर ओढून खटका बसेपर्यंत फिरवलेला नसतो असं वारंवार दिसतं. तो अर्ध्यावर असला की चारही दोरे वेगवेगळ्या ताणाने येतात आणि नवा स्टँड घेऊनही काही फरक पडत नाही. आधी दांडा वर ओढा, प्रत्येक डोळा आपापल्या कोनावर आणा, मग फुगीर नायलॉन दोरा लावला असेल तर फक्त त्याच कोनाला जाळी चढवा.