बिअर मुरवायला वाइन कूलर: कोणता घ्यावा?
तळघर नसलेल्या फ्लॅटमध्ये बिअर मुरवायला छोटा वाइन कूलर कामाचा, पण कॉम्प्रेसरवालाच. थर्मोइलेक्ट्रिक (कॉम्प्रेसरशिवाय, थेट विजेने गार करणारा) फारसा आवाज करत नाही, मात्र खोलीपेक्षा साधारण १५ अंशच खाली उतरतो. नागपूरच्या मे महिन्यात खोली ४० वर गेली की आत २५. बिअर मुरायला तर १२-१३ अंश पाहिजेत! फळ्या आडव्या बाटल्यांच्या मापाच्या असतात. एक-दोन काढून बाटल्या उभ्या ठेवा, म्हणजे यीस्टचा गाळ तळाशी बसतो. काचेच्या दाराला खाकी कागद चिकटवा, नाहीतर उजेडाने हिरव्या बाटलीतल्या बिअरला उग्र दर्प येतो (दिसायला बरं नाही, पण इलाज नाही). इम्पीरियल स्टाउट, बार्लीवाइन अशा जास्त अल्कोहोलच्या कडक बिअर दोन-तीन वर्षं खुशाल राहू द्या. आयपीएने (हॉप्सचा भर असलेली बिअर) जागा अडवू नका, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) वास काही महिन्यांतच उतरतो. ती थेट फ्रिजमध्ये.