हलकं स्टिअरिंग: हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक?

सदाशिव पेठेच्या बोळात गाडी लावायची तर इलेक्ट्रिकच, म्हणजे चाक वळवायला विजेची मोटर मदत करते ते स्टिअरिंग. एका हाताने चाक पुरतं फिरतं. वेग वाढला की मोटर मदत कमी करते, त्यामुळे एक्सप्रेसवेवर स्टिअरिंग फार हलकं लागत नाही. चाक वळवाल तेव्हाच ती जोर लावते, म्हणून थोडं इंधनही वाचतं. सुझुकीने १९८८ मध्ये जपानात सर्व्हो या छोट्या गाडीत ही सोय आणली.

हायड्रॉलिकमध्ये ही मदत ऑइलच्या दाबाने होते; त्याचा पंप इंजिनच्या बेल्टवर सतत फिरतो, वळण असो वा नसो. ऑइल गळतं ते वेगळंच. पण ताम्हिणीच्या ओल्या वळणांवर टायरची पकड हाताला कळते ती यातच, निदान मला तरी. शिवाय दुरुस्ती कोपऱ्यावरचा मेकॅनिकही करतो. इलेक्ट्रिकला बहुतेकदा अख्खं युनिट बदलायला सांगतात.