स्नूकरचा स्ट्रोक आणि सरावाची साधनं: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

निकाल आधीच सांगतो. क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, धरून ठेवणारी साधनं बिनकामाची, आणि चूक झाली की नुसती चुगली करणारी साधनं कामाची. दिवाळीत हौसेनं मागवलेला सगळा पसारा आता मृग निघेपर्यंत वापरून झालाय, म्हणून जरा ठामपणे बोलतोय.

मी लातुरात औसा रोडकडच्या एका पार्लरमध्ये खेळतो. संध्याकाळी कोचिंग सुटलं की नीटवाली पोरं पूलच्या टेबलाला गराडा घालतात, त्यामुळे स्नूकरच्या बारा फुटी टेबलावर निवांत सराव करायचा तर दुपारच. माझं दुखणं नेहमीचंच: जवळचे बॉल पडायचे, लांबचा पॉट (बॉल पॉकेटमध्ये घालणं) मात्र पॉकेटच्या तोंडाशी खडखडून बाहेर. मारायचा होता मधोमध, पण व्हाइटला, म्हणजे ज्याला क्यूनं मारतो त्या पांढऱ्या बॉलला, नको ती साइड (बाजूची फिरकी) लागत होती.

सगळ्यात आधी घेतला तो क्यू आतून सरकवायचा प्लास्टिकचा गाइड. टेबलावर ठेवायचा, त्याच्या दोन खाचांतून क्यू मागेपुढे करायचा. त्यात असेपर्यंत कुणाचाही स्ट्रोक सरळच जातो, कारण वाकडं जायला जागाच नाही. बाजूला काढला की हात मूळ पदावर. वर तो पूलच्या मापाचा. पूलच्या क्यूची टिप (पुढचं टोक) 12-13 मिमी, आपली 9-10 मिमी, म्हणजे स्नूकरचा क्यू त्या खाचेत खुळखुळतो. महिनाभरात माळ्यावर गेला.

सेन्सरवर याच्यापेक्षा जास्त पैसे गेले, पण त्याला नावं ठेवणार नाही. क्यूच्या बुडाला रबरी टोपीसारखा चढतो आणि स्ट्रोक वाकडा गेला की हातात थरथरतो. बॉल पॉट झाला तरी थरथरतो, हीच त्याची खरी किंमत. जवळच्या पॉटमध्ये वाकडा स्ट्रोकही खपून जातो, आपण खूश. हा खुश होऊ देत नाही. अडचण एवढीच की क्यू वाकडा गेला हे कळतं, का गेला ते कळत नाही. शिवाय बुडाकडे वजन वाढतं. मी सराव संपत आला की काढून ठेवतो, नाहीतर फ्रेम (पूर्ण डाव) खेळताना क्यू परका वाटतो.

आता ज्यानं खरा फरक पडला ते. पार्लरमधल्या पूलच्या सेटमधला पट्ट्याचा बॉल घ्या, 9 ते 15 मधला कुठलाही. ब्राउनच्या स्पॉटवर (टेबलावरची ब्राउन बॉलची ठरलेली खूण) ठेवा, पट्टा उभा आणि नेमका ब्लॅकच्या दिशेनं. आता ब्लू, पिंक, ब्लॅक हे तिन्ही स्पॉट ओलांडून जाईल असा समोरच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी काठावर) मारा. मधोमध लागला तर पट्टा चाकासारखा सरळ फिरत जातो. जराशी साइड लागली की पट्टा डगमगतो, आणि बॉल कुशनवरून परतताना रेघ सोडून बाजूला येतो. जायला सव्वानऊ फूट, यायला तेवढंच, त्यामुळे टिपची बारीकशी चूकही परत येईपर्यंत चांगली वीतभर होते. माझा बॉल दर वेळी उजवीकडेच यायचा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे आला असता तर नेम चुकतो म्हटलं असतं. एकाच बाजूला येतो म्हणजे हातातच काहीतरी बसलेलं आहे.

यात दोन गोष्टी सांभाळा. टेबल सपाट आहे का ते आधी बॉल हळू सोडून बघा. आपल्याकडच्या बऱ्याच टेबलांना उतार असतो. आणि फार हळू मारू नका. कापडाची लव डीकडून (ब्राउनच्या बाजूचं अर्धवर्तुळ) ब्लॅककडे बसवलेली असते, परतताना बॉल लवेच्या उलट येतो आणि वेग कमी असला तर उगाच सरकतो. मग दोष लवेचा आणि शिव्या स्वतःला.

घरी टेबल ठेवायचं म्हणजे निदान 22 बाय 16 फुटांची खोली हवी, तेव्हा तो विषय सोडा. घरी कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आडवी ठेवायची आणि क्यू तोंडाला न शिवता आत-बाहेर करायचा. फुकट आहे आणि उपयोगी आहे, पण समोर बॉल नसल्यानं हात बिनधास्त चालतो. खरी गडबड बॉल मारायच्या क्षणी होते, तिथे बाटली मुकी.

कारण सापडलं मोबाइलमुळे, आणि तेही पार्लरमध्ये गुण मांडणाऱ्या मार्कर मामांनी सांगितल्यावर. सेन्सर थरथरतोय, मी वैतागलोय, तर म्हणाले, "सर, त्या यंत्राला कोपर दिसतंय का तुमचं?" ब्लॅकच्या बाजूला फोन उभा करून स्लो मोशनमध्ये काढलं. सरावाचे तीन-चार हेलकावे अगदी सरळ. शेवटच्या मारात मात्र मूठ आवळली जात होती, त्याबरोबर कोपर अंगाबाहेर, क्यू आत. मामांचा उपाय: मागची तीन बोटं सैल, आणि क्यू पूर्ण मागे गेल्यावर क्षणभर थांबायचं. हे कुठल्याच साधनाच्या डब्यावर लिहिलेलं नव्हतं.

क्यू हनुवटीच्या मधोमधच पाहिजे म्हणून खाच असलेलं साधनही मिळतं. ते मी घेतलंच नाही. जो डेव्हिस 1927 ते 1946 या काळात पंधरा वेळा जगज्जेता झाला, त्याचा क्यू डाव्या डोळ्याखालून चालायचा, कारण उजवा डोळा अधू होता. प्रत्येकाचा डोळा वेगळा. (स्नूकर जन्मलं 1875 मध्ये जबलपूरला असं मानतात, आणि आपण सरावाची साधनं परदेशातून मागवतो, ही एक गंमतच.)

एक हातमोजा मात्र घ्याच. तो सरावाचं साधन नाही हे मान्य. पण वैशाखात पारा चाळिशीपार, त्यात वीज गेलेली, अंगठ्यावर घाम, क्यू चिकटून चिकटून सरकतो. अशात स्ट्रोक तपासण्यात अर्थ नाही. पावडर लावली तर कापड खराब होतं आणि मालक डोळे वटारतात.

आज लांबचे पॉट पूर्वीपेक्षा बरे पडतात, परतणारा बॉल बहुतेक वेळा टिपजवळ येतो. दमलो की मूठ अजूनही आवळते. पट्ट्याच्या बॉलऐवजी विकतचा खुणांचा व्हाइट घ्यायचाच असेल तर माप बघून घ्या: स्नूकरचा बॉल 52.5 मिमी, ऑनलाइन मिळणारे बरेचसे पूलचे, 57.15 मिमी. एकट्या बॉलचा सराव पूलच्या बॉलवर चालतो. रेडवर मारायला लागलात की तो मोठा बॉल नेमच बिघडवतो.