हॉटेलचा ओला कचरा: बायोगॅस की खत?

रोज 50 किलोच्या आसपास ओला कचरा निघणाऱ्या रेस्टॉरंटला गोव्यात दोन वाटा आहेत: मागच्या अंगणात बायोगॅसची टाकी, नाहीतर कंपोस्ट. (गाडीत टाकून मोकळं होणं ही तिसरी. साळगावच्या सरकारी कचरा प्रकल्पात 2016 पासून ओल्या कचऱ्याचा गॅस आणि गॅसची वीज होतेच. मात्र ओला-सुका सगळा कचरा धरून दिवसाची सरासरी 100 किलोंच्या वर गेली की नियमाने जबाबदारी तुमच्या गळ्यात.)

आधी हिशेब. दहा-बारा किलो अन्नातून साधारण 1 घनमीटर गॅस निघतो, म्हणजे जेमतेम अर्धा किलो एलपीजी. 50 किलोंना रोजचे दोन किलो; 19 किलोंचा सिलिंडर नऊ-दहा दिवसांत वसूल. विक्रेत्यांचे आकडे याहून गोड असतात. गोव्याची ऊब टाकीत गॅस तयार करणाऱ्या जिवाणूंना मानवते, शीत-हुमण (भात नि माशांची आमटी) त्यांना आवडतं. करवंट्या नि तिसऱ्यांच्या शिंपल्या मात्र पचत नाहीत, आणि तळणीचं तेल जास्त झालं की टाकी बिघडते.

खरी अडचण सीझनची. डिसेंबरात 50 किलो, जुलैत 15, असं असेल तर पावसाळाभर उपाशी राहिलेल्या टाकीत ऑक्टोबरात एकदम भरमार होते, आतलं आंबट होतं आणि गॅस पेटत नाही. म्हणून टाकीचं माप पावसाळ्याच्या कचऱ्यावर ठरवा, वरचा माल खतात जाऊ द्या. विक्रेता डिसेंबरचं माप घेऊन येईल, तेवढं लक्षात असू द्या.

कंपोस्टला असे चढउतार चालतात. त्याला हवा सुका पातेरा (पालापाचोळा), आणि तो जूनमध्ये कुठून आणणार? फेब्रुवारी-मार्चमध्येच पोती भरून ठेवावी लागतात. मासळीचे काटे-डोकी असतील तर उंदीर-कुत्र्यांचा त्रास वेगळा. तिथे बंद टाकी सरस.

तरीही माझा कौल ठरतो तो टाकीतून बाहेर पडणाऱ्या स्लरीवर. 50 किलो कचऱ्यात तितकंच पाणी घालावं लागतं, म्हणजे रोज जवळजवळ 100 लिटर पातळ खत. शेजारी कुळागर असेल तर माडा-पोफळींना सोन्यासारखं, बायोगॅस डोळे मिटून घ्या. पणजीत इमारतीच्या तळमजल्यावर असाल तर ते गटारात जाईल आणि शेजारी भांडायला येतील. तिथे कंपोस्टच बरं. आणि टाकी घेतलीच तर फायबरची घ्या, खाऱ्या हवेत लोखंडी ड्रम लवकर गंजतो.