रजिस्टर हलतंय: प्लेट सरकवू की ग्रिपर तपासू?

ऑफसेट छपाई मशीनवर चार रंगांचं काम चालू आहे, निळा रंग काळ्याच्या बाहेर डोकावतोय, म्हणजे रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) बिघडलंय, आणि नव्या ऑपरेटरला पेच पडलाय. आधी सलग दहा शीट काढा आणि क्रॉस मार्क (जुळणी तपासायला छापलेल्या फुलीसारख्या खुणा) भिंगाखाली बघा.

वेळ: प्लेट (त्या रंगाचा छपाईचा पत्रा) सरकवणं मिनिटांचं काम. ग्रिपर (कागदाची कड धरणारे चिमटे), साइड ले, फ्रंट ले (कागद बाजूने आणि पुढून जागेवर बसवणारे टेकू) तपासायचे तर मशीन थांबवावंच लागतं.

टिकाऊपणा: इथेच खरा फरक आहे. दहाही शीटवर चूक तेवढीच, त्याच दिशेला असेल तर प्लेट सरकवली की काम झालं. पण एका शीटवर डावीकडे, दुसऱ्यावर उजवीकडे असेल तर प्लेट कितीही सरकवा, उपयोग शून्य. कागदाची पकडच ढिली आहे. ग्रिपरखाली साचलेली कागदाची धूळसुद्धा एवढं करते, हे मी पाहिलंय.

वाया जाणारा कागद: चुकीच्या निदानाने तोच सर्वाधिक जातो.

म्हणजे स्थिर चुकीला प्लेट, हलत्या चुकीला ग्रिपर. ग्रिपरकडची कड जुळते आणि शेपटाकडे (समोरच्या कडेला) रंग फाकतो, तेव्हा मात्र दोन्ही सोडा. कागद ओलाव्याने पसरतोय, आधी प्लेटला जाणारं पाणी कमी करा.