चालू व्हीएमची मेमरी कमी-जास्त करायची आहे: बलून, डिम हॉटप्लग की व्हर्टआयओ-मेम?

केव्हीएमवरच्या (लिनक्समधल्या व्हर्च्युअलायझेशनवरच्या) व्हीएमला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, मेमरी कमी पडली की व्हीएम बंद करा, आकडा वाढवा, पुन्हा चालू करा, हा सरळ मार्ग आहे. भर कामाच्या वेळी तो जमत नाही, तेव्हा चालू मशीनची मेमरी बदलायला तीन मार्ग उरतात: व्हर्टआयओ बलून, एसीपीआय डिम हॉटप्लग आणि व्हर्टआयओ-मेम. निवड करताना बहुतेक जण आधी विचारतात, "कशानं वाढवता येईल?" योग्य तयारी असेल तर वाढवायला तिन्ही चालतात. दिलेली मेमरी परत कशी घ्यायची, आणि गेस्टला (व्हीएममध्ये चालणाऱ्या सिस्टिमला) ती सोडता आली नाही तर काय, हे आधी विचारा. खरा फरक तिथंच दिसतो.

आत काय होतं

बलूनचा ड्रायव्हर गेस्टमध्ये असतो. तो गेस्टच्याच कर्नलकडून ४ केबीची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) मागून घेतो, धरून ठेवतो आणि कोणती धरली ते होस्टला (व्हीएम जिच्यावर चालतात त्या खऱ्या मशीनला) कळवतो. होस्ट ती पानं मोकळी करून दुसरीकडे वापरतो. गेस्टच्या मेमरीचा नकाशा तोच राहतो, म्हणून बूट होताना दिलेल्या मेमरीच्या वर बलून कधीच नेऊ शकत नाही. लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळणाऱ्या साधनाच्या) एक्सएमएल कॉन्फिग फाइलमध्ये 'मेमरी' ही कमाल मर्यादा आणि 'करंट मेमरी' हा आजचा आकडा. कधीतरी १६ जीबी लागतील असं वाटत असेल, तर १६ पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे लागतात.

डिम हॉटप्लग म्हणजे मदरबोर्डवर रॅमची नवी पट्टी लावणं. एक्सएमएलमध्ये 'मॅक्स मेमरी' हा टॅग, त्यात स्लॉटची संख्या आणि गेस्टसाठी निदान एक नुमा सेल (सीपीयू आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचा गट), एवढं आधीपासून हवं. हे नसेल तर चालू व्हीएममध्ये पट्टी लागत नाही, आणि हे घालायला व्हीएम बंद करावंच लागतं. पुढे हॉटप्लग लागण्याची जराही शक्यता असेल, तर नवीन व्हीएम तयार करतानाच हे लिहून टाका.

व्हर्टआयओ-मेम रेड हॅटच्या डेव्हिड हिल्डेनब्रांड यांचं काम. २०२० मध्ये ते लिनक्स ५.८ आणि क्यूएमू (व्हीएमचं हार्डवेअर उभं करणारा प्रोग्राम) ५.१ मध्ये आलं, लिबव्हर्टमध्ये ७.९ पासून. इथं एकच डिव्हाइस असतं, समजा ६४ जीबीचं, आणि त्यातली किती मेमरी गेस्टला द्यायची ते 'रिक्वेस्टेड' आकड्यानं ठरतं. हिशोब साधारण २ एमबीच्या तुकड्यांत चालतो. 'मॅक्स मेमरी' आणि नुमा सेल यालाही लागतात.

वाढवताना

बलूनचा आकडा लिबव्हर्टच्या 'व्हर्श सेटमेम' या कमांडनं बदलतो. इथं एकक दिलं नाही तर आकडा केबीमध्ये धरला जातो. ४ जीबीच्या अपेक्षेनं नुसतं ४०९६ लिहिलं तर गेस्टला ४ एमबीवर आणायचा हुकूम जातो, आणि काही सेकंदांत त्याच्या प्रोसेस मरायला लागतात. आकड्यापुढे एकक लिहायची सवय लावा. 'लाइव्ह' आणि 'कॉन्फिग' हे दोन्ही पर्याय एकदमच द्या, नाहीतर व्हीएम पुन्हा चालू झाल्यावर जुनाच आकडा येतो.

डिम लावली आणि गेस्टमध्ये 'फ्री'चा आकडा हललाच नाही, ही तक्रार नेहमीची. मेमरी आलेली असते, फक्त ऑनलाइन झालेली नसते. 'एलएसमेम'मध्ये नवे ब्लॉक ऑफलाइन दिसले की 'सीएचमेम'नं ते चालू करता येतात. कायमचा उपाय हवा असेल तर कर्नलच्या बूट ओळीत 'मेमएचपी डिफॉल्ट स्टेट'ला 'ऑनलाइन' किंवा 'ऑनलाइन मूव्हेबल' द्या. व्हर्टआयओ-मेमलाही हे लागतं. ब्लॉक ऑनलाइन होत नाहीत असं दिसलं की त्याचा ड्रायव्हर पुढची मेमरी जोडणं थांबवतो.

आणखी एक हिशोब कागदावर करून बघा. ४ केबीच्या प्रत्येक पानामागे कर्नल ६४ बाइटची नोंद ठेवतो, म्हणजे १ जीबीमागे १६ एमबी आणि ६४ जीबीमागे पूर्ण १ जीबी. ही नोंद सहसा आधीपासून असलेल्या मेमरीत बसते. १ जीबीचं छोटं गेस्ट उभं करून त्याला एकदम ६४ जीबीची पट्टी लावली, तर नवी मेमरी हाती येण्याआधीच जुनी संपते. सुरुवातीची मेमरी कमालीच्या प्रमाणात ठेवा. डिमपुरता दुसरा उपाय 'मेममॅप ऑन मेमरी' हा कर्नल पर्याय. त्यात नोंद नव्या पट्टीतच ठेवली जाते.

परत घेताना

बलून फुगवला की गेस्टचा कर्नल आधी पेज कॅशे (फाइलींच्या मेमरीत ठेवलेल्या प्रती) सोडतो, मग स्वॅपकडे (डिस्कवरच्या राखीव जागेकडे) वळतो, आणि तरी भागलं नाही तर ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) एखादी मोठी प्रोसेस मारतो, बहुतेक वेळा डेटाबेसच. म्हणून आधी 'डॉममेमस्टॅट' बघा. त्यात 'अनयूज्ड' हा आकडा फसवा असतो, कारण निरोगी लिनक्स रिकामी मेमरी कॅशेत वापरतच असतं. बघायचा तो 'यूजेबल'. आकडे शिळे वाटले तर याच कमांडला 'पीरियड' देऊन ते दर ५ सेकंदांनी ताजे करून घ्या. एका वेळी २५६ ते ५१२ एमबीच कमी करा, आणि 'स्वॅप आउट' व 'मेजर फॉल्ट' (पान डिस्कवरून आणावं लागल्याची संख्या) चढायला लागले की थांबा. 'ऑटोडिफ्लेट' चालू असेल तर ओओएमच्या वेळी बलून आपोआप हवा सोडतो. गेस्ट वाचतं, पण होस्टवर मोकळी धरलेली मेमरी अचानक परत जाते. होस्ट आधीच काठोकाठ भरलेला असेल तर संकट फक्त एक मजला खाली सरकतं.

डिमचं दुखणं वेगळं. पट्टी काढायची तर ती पूर्ण रिकामी व्हायला हवी. एक्स८६ व्हीएममध्ये लिनक्स मेमरीचे ब्लॉक सहसा १२८ एमबीचे धरतं, म्हणजे ४ जीबीच्या पट्टीत ३२ ब्लॉक. त्यातल्या एकात जरी कर्नलचं हलवता न येणारं पान असलं, स्लॅबचं (कर्नलच्या स्वतःच्या डेटाचं) किंवा पेज टेबलचं, तर अख्खी पट्टी अडकते. यावर उतारा म्हणजे मेमरी 'ऑनलाइन मूव्हेबल' करणं. मग तिथं कर्नलची स्वतःची पानं जात नाहीत, प्रोग्रामची आणि कॅशेचीच जातात. पण सगळंच मूव्हेबल केलं तर कर्नलची जागा संपते आणि कित्येक जीबी मोकळे असताना ओओएम येतो. मूव्हेबल आणि साधी मेमरी यांचं प्रमाण ३ ला १ च्या आसपास ठेवा. १ जीबीच्या छोट्या पट्ट्या लावल्या तर निदान काही तरी सुटण्याची शक्यता वाढते, मात्र स्लॉट भराभर संपतात. क्यूएमूची मर्यादा २५६ स्लॉटची आहे, आणि होस्टवरच्या व्हीहोस्टची (गेस्टच्या नेटवर्कसारखं काम होस्टच्या कर्नलमध्ये करणाऱ्या भागाची) मेमरी-भागांची डिफॉल्ट मर्यादा ६४ असल्यानं अडचण त्याच्या बरीच आधी येऊ शकते.

व्हर्टआयओ-मेम वेगळं वागतं. ८ जीबी परत मागितले आणि ५ च सुटले, तर ते ५ परत येतात. 'करंट' आणि 'रिक्वेस्टेड' यांतला फरक तुम्हाला दिसतो, आणि ड्रायव्हर उरलेल्यासाठी प्रयत्न करत राहतो. न हलणारी पानं इथंही आडवी येतात, पण नुकसान पूर्ण पट्टीचं होत नाही, काही एमबीचं होतं. कमांड 'अपडेट मेमरी डिव्हाइस'. तिला 'रिक्वेस्टेड साइज' द्या, आणि नंतर 'करंट' खरंच खाली आलं का ते बघितल्याशिवाय ती मेमरी दुसऱ्या व्हीएमच्या नावावर टाकू नका.

गेस्ट रीबूट झालं की बलूनचा आणखी एक कच्चा दुवा दिसतो. ड्रायव्हर चढेपर्यंत गेस्टला सगळी मेमरी मोकळी असते. वीज गेल्यावर २० व्हीएम एकदम उठली, तर होस्टवर नेमका त्याच क्षणी ताण येतो. व्हर्टआयओ-मेमची मेमरी बूटच्या नकाशात नसतेच, ड्रायव्हर मागतो तेव्हाच मिळते. बलून सगळा गेस्टच्या सहकार्यावर चालतो, म्हणून परक्या ग्राहकांची व्हीएम ठेवणाऱ्यानं त्याला मर्यादा मानू नये.

पासथ्रू आणि ह्यूजपेज

जीपीयू किंवा नेटवर्क कार्ड व्हीएफआयओनं थेट गेस्टला दिलं असेल तर बलून विसरा. गेस्टची सगळी मेमरी जागीच खिळलेली असते. बलून फुगतो, गेस्टची मेमरी कमी होते, आणि होस्टला एक पानसुद्धा मिळत नाही. व्हर्टआयओ-मेम मात्र क्यूएमू ६.१ पासून व्हीएफआयओबरोबर चालतं. ह्यूजपेजवरही (२ एमबी किंवा १ जीबीच्या मोठ्या पानांवरही) बलून कमी पडतो, कारण तो ४ केबीची पानं सुटी सुटी परत देतो आणि २ एमबीचं पान पूर्ण रिकामं होईपर्यंत होस्टच्या हाती काही लागत नाही. व्हर्टआयओ-मेमचा तुकडा ह्यूजपेजपेक्षा लहान असू शकत नाही. होस्टवर १ जीबीची पानं असतील तर देणंघेणंही १ जीबीच्या पटीतच होतं.

प्रोग्रामला मेमरी मिळते का?

मेमरी वाढवली आणि वेग तसाच राहिला, तर दोष बऱ्याचदा हायपरव्हायझरचा (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) नसतो. पोस्टग्रेसचं 'शेअर्ड बफर्स' आणि जावाचं कमाल हीप सुरू होतानाच ठरतात. सर्व्हिस पुन्हा चालू केल्याशिवाय नव्या मेमरीचा उपयोग फार तर पेज कॅशेपुरता. मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूल ५.७ पासून चालू असताना बदलता येतो, आणि रेडिसचं 'मॅक्समेमरी'सुद्धा. कमी करताना क्रम उलटा ठेवायचा: आधी प्रोग्रामचा आकडा खाली, मग व्हीएमचा.

इतर हायपरव्हायझर थोडक्यात

प्रॉक्समॉक्समध्ये (तेही केव्हीएमवरच चालतं) किमान मेमरी दिली की होस्टचा वापर ८० टक्क्यांच्या आसपास राखायला बलून आपोआप हलवला जातो. छोट्या कार्यालयाला हे पुरतं. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचं डायनॅमिक मेमरी २०११ पासून हॉटॲड आणि बलून एकत्र वापरतं. त्यात स्टार्टअप, किमान, कमाल आणि २० टक्क्यांचा बफर असे आकडे द्यावे लागतात. ते चालू असताना व्हर्च्युअल नुमा मिळत नाही, आणि एक्स्चेंज सर्व्हरवर ते वापरायला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. विंडोज गेस्टमध्ये डिम लावता येते, चालू मशीनमधून काढता येत नाही.

आमचा कौल

नवीन कर्नलची लिनक्स गेस्ट असतील आणि मेमरी खरोखर दोन्ही दिशांना हलणार असेल, तर व्हर्टआयओ-मेम घ्या. बूटची मेमरी ४ जीबी, डिव्हाइस १२ जीबीचं, म्हणजे ३ ला १ चं प्रमाणही सांभाळलं जातं. फक्त वाढच होणार आणि गेस्ट जुनं किंवा विंडोज असेल, तर डिम. चाचणीच्या, शिकवणीच्या किंवा बहुतेक वेळ रिकाम्या असणाऱ्या व्हीएमना बलून, आणि त्यासोबत 'फ्री पेज रिपोर्टिंग' चालू करा. त्याला गेस्टमध्ये लिनक्स ५.७, होस्टवर क्यूएमू ५.१ आणि लिबव्हर्ट ६.९ लागतं. मग गेस्टनं मोकळी केलेली पानं कुणी न मागता होस्टकडे परत जातात. कॅशेत अडकलेली पानं मात्र जात नाहीत, कारण गेस्टच्या लेखी ती मोकळी नसतात. मोठ्या डेटाबेसच्या व्हीएमला यातलं काहीच लावू नका. तिथं ठरलेली मेमरी आणि ह्यूजपेज द्या, आणि वाढवायची असेल तर रात्रीची वेळ मागून घ्या.