आयईएलटीएस, टोफेल, पीटीई की डुओलिंगो? खान्देशातून परीक्षा देणाऱ्यांसाठी

शिरपूरला बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला असलेली भाची परवा घरी आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, “मामा, मन्हं इंग्रजी कच्चं शे. सोपी परीक्षा कोन्ती ते सांगा.” तिला पुढच्या वर्षी इंग्लंड किंवा आयर्लंडमध्ये एम.एस्सी.ला जायचंय. धुळे, जळगाव, नंदुरबारची मुलं मला हाच प्रश्न याच शब्दांत विचारत आली आहेत. तिला दोन तास बसवून जे सांगितलं ते म्हणून इथे लिहून ठेवतोय.

आयईएलटीएस, टोफेल, पीटीई आणि डुओलिंगो या परदेशात शिकायला जाणाऱ्याचं इंग्रजी तपासणाऱ्या चार परीक्षा. त्यांत सोपी अशी एकही नाही. प्रत्येक परीक्षा माणसाला वेगळ्या जागी अडवते, एवढाच फरक. आपण कुठे अडतो हे आधी कळलं की निवडीचं अर्धं काम होतं. माझा अनुभव असा की मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेली आपल्याकडची मुलं वाचनात फारशी मागे पडत नाहीत. पुस्तकी इंग्रजी त्यांनी वर्षानुवर्षं वाचलेलं असतं. घोडं अडतं ते बोलताना, आणि ऐकता ऐकता लिहून घेताना. त्यामुळे मी ही तुलना मुख्यतः बोलण्याच्या बाजूने करतो.

विद्यापीठाचं पान आधी उघडा

परीक्षा ठरवायच्या आधी जिथे अर्ज करायचा त्या विद्यापीठाच्या, त्याच अभ्यासक्रमाच्या पानावर इंग्रजीची अट वाचा. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना आयईएलटीएसमध्ये एकूण ६.५ आणि कुठल्याही विभागात (ऐकणं, वाचन, लेखन, बोलणं) ६ पेक्षा कमी नको, ही अट खूप ठिकाणी दिसते. एकूण आकडा सगळे बघतात आणि विभागाची अट विसरतात. एकूण ७ आणि रायटिंगला ५.५ असेल, तर तो ७ कामाला येत नाही.

विद्यापीठाची अट वेगळी, व्हिसाची वेगळी. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी सरकार अशा परीक्षेचे ठरावीक गुण मागत नाही, विद्यापीठ काय मागतं ते महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी घरी बसून दिलेली परीक्षा चालत नाही, म्हणजे डुओलिंगो तिथे बाद. इंग्लंडमध्ये पदवी आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठ स्वतः इंग्रजीची खात्री करू शकतं, त्यामुळे तिथे विद्यापीठाला विचारावं. पण आधी फाउंडेशन कोर्स, म्हणजे पदवीआधीचा तयारीचा अभ्यासक्रम, करायचा असेल, तर व्हिसासाठी ठरवून दिलेलीच परीक्षा लागते, उदाहरणार्थ ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’. ती नेहमीच्या आयईएलटीएसपेक्षा वेगळी बुक करावी लागते.

कॅनडाबद्दल एक सांगतो, कारण गावात जुनी माहिती फिरते. तिकडची एसडीएस नावाची जलद व्हिसा योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. तिच्या भरवशावर कुणी सल्ला देत असेल तर त्याची माहिती शिळी आहे.

माणसासमोर बोलायचं की माइकसमोर

खरी निवड मला इथे वाटते.

आयईएलटीएसचं स्पीकिंग माणूस घेतो. ११ ते १४ मिनिटं, तीन भाग. पहिल्या भागात घर, गाव, शिक्षण असं साधं बोलणं. दुसऱ्यात एक कार्ड मिळतं, विचार करायला एक मिनिट, मग एक-दोन मिनिटं सलग बोलायचं. तिसऱ्यात त्याच विषयावर थोडी खोल चर्चा. समोर माणूस असल्यामुळे प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारता येतो. मध्ये थांबलात, वाक्य सुधारून पुन्हा बोललात, तरी तो ऐकून घेतो. अडखळून सावरणाऱ्या मुलाला हा प्रकार मानवतो.

पीटीईमध्ये ऐकणारं यंत्र आहे. वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणायचं, उतारा मोठ्याने वाचायचा, चित्र बघून बोलायचं. बोलताना तीन सेकंद गप्प राहिलात की माइक बंद होतो. शब्द आठवायला मध्येच थांबणाऱ्या मुलाचं तिथे नुकसान होतं. शिवाय एकाच हॉलमध्ये सगळे एकदम बोलत असतात. शेजारचा मोठ्या आवाजात सुरू झाला की आपलं वाक्य हरवतं. मात्र ज्याचं बोलणं सलग आहे, उच्चार स्वच्छ आहेत, पण अनोळखी माणसासमोर घाम फुटतो, त्याने पीटीईच द्यावी. निकालही बहुधा दोन दिवसांत येतो. गुण १० ते ९० मध्ये मिळतात.

टोफेलमध्येही माइकच आहे, पण तिचं रूप २१ जानेवारी २०२६ पासून बदललं. आता वाक्य ऐकून पुन्हा म्हणणं आणि मुलाखतीसारखे प्रश्न असं स्पीकिंग आहे. रायटिंगमध्ये वाक्य जुळवणं, ई-मेल लिहिणं आणि वर्गातल्या चर्चेत आपलं मत मांडणं येतं. वाचन आणि ऐकण्याचे पुढचे प्रश्न तुमच्या आधीच्या उत्तरांप्रमाणे सोपे-कठीण होतात. गुण १ ते ६ मध्ये देतात, आणि सुरुवातीची दोन वर्षं जुन्या १२० च्या मापातलेही सोबत दाखवतात. मोठ्या भावाची जुनी टोफेलची पुस्तकं घरात पडली असतील, तर त्यांतले उतारे वाचायला वापरा. सराव परीक्षा मात्र नव्या नमुन्याचीच सोडवा.

भाचीला मी आयईएलटीएस सांगितली. ती थांबत थांबत बोलते, पण बोलते नेमकं. कार्डावर ‘तुमच्या भागातला एखादा पदार्थ’ असा विषय देऊन पाहिला. आधी ती पिझ्झ्यावर बोलायला लागली, कारण पिझ्झ्याचे इंग्रजी शब्द तिला पाठ होते. चार वाक्यांत संपलं. मग म्हटलं, भरतावर बोल. पऱ्हाट्यांवर वांगी कशी भाजतात, साल काढताना बोटं कशी पोळतात, हिरवी मिरची आणि लसूण कधी पडतो, हिवाळ्यात शेतात भरीत-पुरीला कोण कोण जमतं. दोन मिनिटं पुरली नाहीत. पऱ्हाट्यांना तिने ‘कापसाची वाळलेली झाडं’ असं इंग्रजीत सांगितलं. शब्द येत नसताना अर्थ पोचवणं याचेही परीक्षक गुण धरतात. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, कानबाईचे रोट, मेहरूण तलाव, तोरणमाळचा घाट, यांतल्या सात-आठ गोष्टी नीट तयार ठेवल्या तर बरीचशी कार्डं त्यांत बसवता येतात.

आपल्या मुलांची एक ताकद त्यांना स्वतःलाच दिसत नाही. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी, सीमेवरच्या गावांत गुजराती. एका भाषेतून दुसरीत जायची सवय जिभेला लहानपणापासून आहे. इंग्रजी ही चौथी किंवा पाचवी भाषा आहे, पहिली नव्हे. अहिराणी बोलतो म्हणून इंग्रजी बिघडतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उच्चाराची तयारी करायची ती ठरावीक जागी. शिप आणि शीपमधला ऱ्हस्व-दीर्घ, व्ही आणि डब्ल्यूतला फरक, आणि झेडचा उच्चार, म्हणजे ‘झू’तल्या झसारखा नव्हे तर जहाजातल्या ज जवळचा, घासत येणारा आवाज.

डुओलिंगो आणि आपला कूलर

डुओलिंगो सगळ्यांत स्वस्त आहे. ७० डॉलरच्या आसपास, म्हणजे बाकीच्या तिघींच्या फीच्या निम्म्याहूनही कमी. साधारण तासाभराची, घरूनच देता येते, निकाल दोन दिवसांत, गुण १० ते १६०. मोफत सराव परीक्षा हवी तितक्यांदा देता येते. खिशाला हीच बरी, यात वाद नाही.

पण ही परीक्षा तुमच्या घराचीही असते. खोलीत एकटं बसायचं, कान दिसले पाहिजेत, इअरफोन नाही, नजर स्क्रीनवरून सारखी हलली तर शंका घेतली जाते. आता जळगाव-भुसावळचा मे महिना आठवा. पारा ४४-४५ ला, दार बंद, खिडकीत कूलर. कूलर चालू ठेवला तर त्याच्या घरघरीत माइकला तुमचा आवाज नीट जात नाही. बंद केला तर पंधरा मिनिटांत कपाळावरून घाम डोळ्यांत. त्यात वीज गेली की राउटर बंद. मागच्या उन्हाळ्यात चोपड्याच्या एका मुलाची परीक्षा अशीच मध्येच तुटली आणि तयारीत असूनही त्याची अर्जाची मुदत हुकायची वेळ आली.

ज्याला डुओलिंगो द्यायचीच आहे, त्याने ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्यावी. राउटरला छोटा यूपीएस लावावा, लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवावा, आणि पहाटे साडेपाच-सहाला बसावं. त्या वेळी गल्लीत दूधवाल्याशिवाय कुणी नसतं.

रायटिंग, जिथे मी स्वतः पडलो

मी अमळनेर तालुक्यात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. आयईएलटीएस दोनदा दिली. पहिल्यांदा रायटिंगला ५.५ आले. एका क्लासने निबंधाचे साचे पाठ करून घेतले होते, कुठल्याही विषयाला तीच सुरुवात, तोच शेवट. परीक्षेत विषय थोडा तिरका आला आणि साचा त्यात बसेना. वर पहिल्या प्रश्नावरच अर्धा तास गेला. एकूण वेळ ६० मिनिटं असतो. पहिल्यात आलेख किंवा आकृतीचं वर्णन किमान १५० शब्दांत, दुसऱ्यात निबंध किमान २५० शब्दांत. निबंधाचं वजन दुप्पट असतं. म्हणून २० आणि ४० मिनिटं अशी वाटणी घड्याळ लावून मोडायची नाही.

दुसऱ्या खेपेला साचे सोडले. एखादी क्रिया टप्प्याटप्प्याने लिहायचा प्रश्न येतो, त्यासाठी केळीवर लिहिलं. रावेरच्या मळ्यातून घड उतरणं, फण्या धुणं, क्रेट भरणं, रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन सोडणं, तापमान राखणं, ट्रक भरणं. हे सगळं लहानपणापासून बघितलेलं. काय लिहायचं याचा विचारच करावा लागेना, फक्त वाक्यरचनेकडे लक्ष देता आलं. ठिबकच्या नळ्यांचं, जिनिंग मिलमधल्या कापसाचंही असंच लिहून पाहा.

ऐकण्याबद्दल थोडक्यात. आयईएलटीएसमध्ये ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, ४० प्रश्न असतात आणि स्पेलिंग चुकलं की गुण जातो. मुलांचे गुण सर्वांत जास्त पहिल्याच, सोप्या भागात जातात. फिफ्टीन की फिफ्टी, जी की जे, फोन नंबरमधला ‘डबल सेव्हन’, शून्याला म्हटलेला ‘ओ’. रोज दहा मिनिटं घरातल्या कुणाकडून इंग्रजीत नाव-पत्ता-नंबर बोलवून घ्यायचे आणि एका दमात लिहायचे. भाचीला हे तिचा आठवीतला भाऊ करून देतो.

पुण्याला जायचं की घरीच

दोन महिन्यांसाठी पुण्याला खोली घेऊन क्लास लावायचा विचार खूप घरांत होतो. खोली, मेस आणि क्लास मिळून जो खर्च येतो त्यात परीक्षा दोनदा देऊन होते. माझं मत स्पष्ट आहे. वाचन आणि ऐकणं घरी होतं, परीक्षांच्या अधिकृत संकेतस्थळांवर मोफत सराव भरपूर आहे. पैसे खर्च करायचे ते दोनच गोष्टींवर. एक, तुमचे निबंध वाचून चुका दाखवणारा माणूस. दोन, आठवड्यातून दोनदा समोर बसून इंग्रजीत प्रश्न विचारणारा माणूस. हे दोघे जळगाव-धुळ्यात मिळतात, ऑनलाइनही मिळतात, कधी तुमच्याच कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडम आनंदाने करतात. विचारायला संकोच करू नका.

मात्र ज्या घरात अभ्यासाला शांत जागाच नाही, किंवा रोज शेतात हात लावावाच लागतो, तिथल्या मुलाने दोन महिने बाहेर राहणं योग्यच. तालुक्याची अभ्यासिका हा मधला मार्ग.

मुदतीचं म्हणाल तर १२ वीचं इंग्रजी नीट जमत असेल त्याला तीन महिने पुरतात. वाक्यातच काळ चुकत असतील, तर सहा महिने धरा आणि पहिले दोन महिने परीक्षेचं पुस्तक उघडूच नका, रोज पानभर लिहा.

आयईएलटीएस, टोफेल आणि पीटीईची फी साधारण १६ ते १८ हजारांच्या घरात जाते. गुण दोन वर्षं चालतात, त्यामुळे फार आधीही देऊ नका. आयईएलटीएस संगणकावर दिली आणि एकाच विभागात कमी पडलात, तर ६० दिवसांच्या आत तेवढाच विभाग पुन्हा देता येतो. हे विद्यापीठाला चालतं का ते आधी विचारा. केंद्र निवडताना नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरत सोयीचं, जळगाव-भुसावळकरांना नाशिक. आदल्या दिवशीच पोचा, रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी पेपरला बसू नका. स्पीकिंगची वेळ वेगळ्या दिवशीही येऊ शकते, म्हणून बुक करतानाच त्याच दिवसाची मिळते का बघा, नाहीतर दोन फेऱ्या होतात.

भाचीचा पासपोर्ट अजून व्हायचाय, तिचं पहिलं काम तेच. परीक्षेला मूळ पासपोर्ट लागतो आणि नोंदणीतलं नाव त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, बाकी नाव वेगळ्या रकान्यात. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावात एक ‘एच’ जास्त आहे, आधार कार्डावर नाही. सोमवारी ती दोन्ही कागद घेऊन शाळेत जाणार आहे.